पाकटीच्या पोटातले कृमी : आधी पाकट कोणती ते सांगा



आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, ‘कृमींवर तासभर काय बोलणार? आणि तेही संध्याकाळी, जेवणाच्या आधी?’ आम्ही म्हटलं, या तरी. माशाच्या वीतभर आतड्यात जे सापडतं त्यावर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत आणि काम अजून संपलेलं नाही.

सुरुवात एका बाटलीपासून करू. आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात एक काचेची बाटली आहे. आत अल्कोहोलमध्ये तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे कृमी आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर डोकं, आकडे, अंडाशय, सगळं शाबूत. बहुधा विज्ञानाला नवीन असलेली जात. पण त्या बाटलीवर आम्हीच लिहिलेली चिठ्ठी आहे : ‘पाकट. मिरकरवाडा.’ आणि खाली तारीख. बस्स. या तीन शब्दांमुळे, खरं म्हणजे न लिहिलेल्या चौथ्या शब्दामुळे, ती बाटली आज जवळजवळ निरुपयोगी आहे. का, ते तुम्हाला शेवटपर्यंत पटावं एवढीच आजची खटपट.

आधी पाकट म्हणजे काय ते पाहू. मालवण-गोव्याकडे तिला वागळी म्हणतात. वटवाघळासारखे पंख पसरलेला, चपटा, चाबकासारख्या शेपटीचा मासा. पापलेट-सुरमईच्या अंगात हाडं असतात, पाकटीच्या अंगात हाड नाही, सगळी कूर्चा. आपल्या बाहेरच्या कानात असते तशी. या बाबतीत ती मोरीची, म्हणजे शार्कची, जवळची नातलग. आम्ही ज्यांच्याबद्दल बोलणार आहोत ते कृमीही या दोन्ही घराण्यांत राहतात.

आतड्यातला जिना

पाकटीचं पोट उघडलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की आतडं फारच आखूड आहे. आपल्या पोटात काही मीटर लांबीच्या नळीची वेटोळी असतात. पाकटीला एक जाडसर नळकांडं, संपलं. मग एवढ्या जागेत अन्न पचतं कसं? त्या नळकांड्याला उभा छेद द्या. आत एक पडदा स्क्रूच्या आट्यांसारखा, किंवा मनोऱ्यातल्या चक्री जिन्यासारखा, फिरत गेलेला दिसतो. अन्न सरळ खाली न घसरता जिना उतरत जातं आणि त्याला भरपूर पृष्ठभाग मिळतो.

हाच जिना पट्टकृमींचं घर. आणि घरातही वाटण्या आहेत. एक जात वरच्या पायऱ्यांवर, दुसरी खालच्या. एकाच पाकटीत चार-पाच जातींचे कृमी आपापल्या मजल्यावर राहतात.

पट्टकृमी म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला माणसाच्या आतड्यातला कित्येक मीटर लांबीचा कृमी आठवतो. पाकटीतले बहुतेक कृमी त्या मानाने चिमुकले, काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. रचना मात्र तीच. पुढे डोकं, मागे खंडांची माळ, आणि तयार झालेल्या प्रत्येक खंडात नर आणि मादी दोघांचे अवयव. तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. पाकटीने पचवलेलं अन्न हा प्राणी त्वचेतूनच शोषून घेतो. त्याची सगळी चिंता एकच : हलत्या, वाहत्या आतड्यात धरून कसं राहायचं?

म्हणून या कृमींची डोकी पाहण्यासारखी असतात. अॅकॅन्थोबोथ्रियम नावाच्या प्रजातीला डोक्यावर चार मांसल पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीवर दोन टोकांच्या आकड्यांची एक जोडी. र्‍हाइनबोथ्रियमला आकडे नाहीत. त्याच्या पाकळ्या देठावर असतात आणि त्यांवर बर्फाच्या ट्रेसारखे कप्पे, प्रत्येक कप्पा चिकटायला उपयोगी. तिसऱ्या एका गटाला, ट्रिपॅनोर्‍हिंकांना, चार काटेरी सोंडा असतात. मोज्याचं टोक आत ओढून घ्यावं तशा त्या आत दडवलेल्या असतात, आणि हव्या तेव्हा उलटून बाहेर येऊन आतड्याच्या भिंतीत रुततात.

पाकटीवर एवढेच कृमी असतात असं नाही. कातडीवर आणि कल्ल्यांवर चिकटणारे चपटे कृमी आहेत. त्यांतला डेन्ड्रोमोनोकोटायल हा पाकटीच्या पाठीवर राहून तिची त्वचा खातो. समुद्रात एरवी तो फारसं बिघडवत नाही, पण मत्स्यालयाच्या बंद टाकीत त्याची संख्या भराभर वाढते आणि पाकटी आजारी पडतात. जळवाही असतात, गोलकृमीही असतात. पण आज आपण आतड्यातल्या पट्टकृमींपाशीच थांबू, कारण त्यांची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आहे.

युरिया

तुमच्यापैकी ज्यांनी पाकट घरी आणली असेल त्यांना एक गोष्ट ठाऊक असणार. मासा ताजा नसला तर अमोनियाचा उग्र वास सुटतो. तो कुठून येतो? पाकट आपल्या रक्तात आणि मांसात युरिया मुद्दाम साठवून ठेवते. समुद्राचं पाणी खारट. साध्या रक्ताच्या माशाच्या अंगातलं पाणी ते बाहेर खेचणार. पाकट युरिया साठवून आपलं रक्त समुद्राइतकंच ‘दाट’ करते, म्हणजे पाणी जात नाही. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात, आणि स्वयंपाकघरात वास येतो.

आता त्या आतड्यात राहणाऱ्या कृमीचा विचार करा. त्याच्या चहूबाजूंनी युरिया. दुसऱ्या एखाद्या माशातला कृमी इथे टिकणं कठीण. १९५९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की शार्क-पाकटींच्या पट्टकृमींच्या अंगातही युरिया असतो, आणि पाण्याचा तोल राखायला तो त्यांना लागतो. यजमान जसा, तसा पाहुणा. पाहुणा कसला, पिढ्यान्‌पिढ्यांचा भाडेकरूच.

आणि हे भाडं फार जुनं आहे. ब्राझीलमध्ये शार्कच्या विष्ठेचा एक जीवाश्म सापडला, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पातळ चकत्या करून पाहिल्या तर आत पट्टकृमीची अंडी होती. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. डायनोसोरही पृथ्वीवर यायचे होते तेव्हा हे नातं जुळलेलं होतं.

ज्याचा त्याचा पोशिंदा

इतक्या दीर्घ सहवासाचा परिणाम काय? बहुतेक पट्टकृमी एकाच जातीच्या पाकटीत राहतात. ज्या प्राण्यात कृमी वाढतो त्याला आपण पोशिंदा म्हणू. एक कृमी, एक पोशिंदा. त्याच खाडीत, त्याच जाळ्यात शेजारी आलेली दुसऱ्या जातीची पाकट असेल तर तिच्यात त्याच प्रजातीचा, पण वेगळ्या जातीचा कृमी. काही अपवाद आहेत; सोंडवाले ट्रिपॅनोर्‍हिंक इतके चोखंदळ नसतात. पण अॅकॅन्थोबोथ्रियमसारख्यांच्या बाबतीत हा नियम बऱ्यापैकी टिकतो.

कारणं अनेक असावीत. आतड्याच्या आतल्या घड्या प्रत्येक जातीत निराळ्या, आणि कृमीचं डोकं त्या घड्यांना बसेल असं. पाकटीचं खाणं निराळं, त्यामुळे तिच्यापर्यंत पोचणाऱ्या अळ्या निराळ्या. कुलपाला किल्ली बसावी तसा हा मामला.

याचा हिशेब असा. शार्क आणि पाकटींमधल्या पट्टकृमींच्या सुमारे एक हजार जातींची वर्णनं आजवर झाली आहेत. एकट्या अॅकॅन्थोबोथ्रियमच्या जवळपास दोनशे. २००८ ते २०१७ या काळात अमेरिकेतल्या जनीन कैरा आणि कर्स्टन जेन्सन यांच्या पुढाकाराने जगभरच्या पट्टकृमींची एक मोठी मोजदाद झाली. तीतून सरळ दिसतं, की ज्या पाकटी अजून कोणी नीट उघडून पाहिलेल्या नाहीत त्यांत नव्या जाती असणारच.

या कामाशी आपल्या मराठी मुलखाचाही संबंध आहे, आणि तो अशा जागेतून जिथून समुद्र दिसत नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले जी. बी. शिंदे, बी. व्ही. जाधव आणि त्यांचे विद्यार्थी पश्चिम किनाऱ्यावर येऊन शार्क-पाकटी तपासत, आणि त्यांनी पुष्कळ नव्या जातींची वर्णनं केली. दुष्काळी मराठवाड्यातून उठून समुद्रातल्या माशांचे कृमी अभ्यासायचे, ही गोष्ट आम्हाला नेहमी कौतुकाची वाटते.

मोती घडवणारा कृमी

आता एक जुनी गोष्ट. ठिकाण श्रीलंका, तेव्हाचं सिलोन. भारत आणि सिलोनच्या मधलं मन्नारचं आखात. तिथे मोत्यांचे शिंपले मिळत आणि सरकारला त्यातून मोठं उत्पन्न असे. पण काही वर्षं शिंपले भरपूर, आणि मग काही वर्षं काहीच नाही. कारण शोधायला १९०२ मध्ये विल्यम हर्डमन हे इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ तिथे गेले. सोबत जेम्स हॉर्नेल, जे पुढे मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यात आले. त्यांचा अहवाल १९०३ ते १९०६ या काळात पाच भागांत छापून आला.

शिंपल्यांच्या मांसात त्यांना पट्टकृमीच्या बारीक गोल अळ्या सापडल्या. त्यांनी निष्कर्ष काढला, की शिंपल्यात शिरलेल्या अळीभोवती शिंपला मोत्याचे थर चढवतो आणि तोच मोती. मग ही अळी मोठी कुठे होते? शिंपले कोण खातं? पाकटी खातात. त्यांच्या जबड्यात फरशीसारखे दात असतात, त्यांनी कवच फोडतात. पाकटींच्या आतड्यात मोठे कृमी होतेच. झालं, साखळी पूर्ण! कृमीच्या जातीला नाव दिलं ‘युनिओनिफॅक्टर’, म्हणजे मोती घडवणारा.

या विचाराचा व्यवहारातला अर्थ बघा. पाकट ही तोवर शिंपल्यांची वैरीण. पण आता तीच मोत्यांची आई ठरली. तिला मारून टाकाल तर शिंपले वाचतील, पण मोती होणार नाहीत. एका कृमीच्या ओळखीवर पाकट ठेवायची की मारायची हा प्रश्न येऊन ठेपला.

१९१२ मध्ये लिस्टर जेम्सन यांनी सिलोनचे मोती आणि शिंपले पुन्हा बारकाईने तपासले. मोत्यांच्या गाभ्यात कृमीचा पत्ता लागेना. आणि ज्या गोल अळ्यांवर सगळा डोलारा उभा होता त्या टायलोसेफॅलम नावाच्या निराळ्याच गटाच्या निघाल्या. पाकटीतला ज्याला त्यांचा बाप ठरवलं होतं तो ट्रिपॅनोर्‍हिंकांपैकी. मूल एका घरचं, बाप दुसऱ्या घरचा. मोती होतो तो शिंपल्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी मांसात ढकलल्या जाऊन त्यांची पिशवी तयार झाली की. आज मोत्यांची शेती याच तत्त्वावर चालते, तिला कृमी लागत नाही.

हे सांगताना आम्ही हर्डमन-हॉर्नेलना हसत नाही. त्यांच्या हातात होतं त्यावर त्यांनी तर्क केला, आणि अर्धी साखळी बरोबरच होती. पट्टकृमीची अंडी पाकटीच्या विष्ठेतून समुद्रात जातात, एखादा बारीक कवचधारी जीव ती खातो, त्याला दुसरा कोणी खातो, आणि शेवटी ते सगळं पाकटीच्या पोटात येतं. शिंपल्यातल्या टायलोसेफॅलमचे मोठे कृमी खरोखरच गाईच्या नाकासारखं थोबाड असलेल्या पाकटींमध्ये मिळतात. कोळंबीच्या यकृतग्रंथीतही काही ट्रिपॅनोर्‍हिंकांच्या अळ्या असतात. पण अळी आणि मोठा कृमी दिसायला इतके वेगळे, की नुसत्या डोळ्यांनी नातं जुळवलं तर चूक होते. आज ते डीएनए जुळवून ठरवता येतं. तरीही पूर्ण जीवनचक्र माहीत असलेल्या जाती फार थोड्या आहेत.

पाकट म्हणजे नेमकी कोणती?

कृमीचं नातं चुकलं तर काय होतं ते पाहिलं. आता पोशिंद्याचं नाव चुकलं तर?

अंगावर ठिपके असलेली मोठी पाकट घ्या. हिमान्तुरा उअर्नाक हे तिचं शास्त्रीय नाव अठराव्या शतकापासूनचं. किनाऱ्यावर ठिपकेवाली पाकट दिसली की हे नाव लिहायचं, अशी वर्षानुवर्षांची रीत. नंतर लक्षात आलं की या एका नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत. बिबट्यासारखी नक्षी असलेली जात तर २००८ मध्ये वेगळी ओळखली गेली. मग त्याआधी ‘उअर्नाकमध्ये सापडला’ म्हणून नोंदलेला कृमी नेमका कोणातला? पाकट बाजारात विकली गेली, खाल्ली गेली. विचारायचं कोणाला?

यावर उपाय म्हणून गॅविन नेलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक प्रचंड काम छापलं. जगभरच्या शार्क-पाकटींचे ४,२८३ नमुने घेऊन एका जनुकाचा क्रम पाहिला. अंदाजे ५७४ जाती निघाल्या, त्यांपैकी ७९ बहुधा नव्या. आणि हे काम करण्यामागची मुख्य गरज कोणाची होती? परजीवी अभ्यासणाऱ्यांची. कृमी कोणाचा हे ठरवायला निघालेल्या लोकांमुळे माशांच्याच यादीची फेरतपासणी झाली. कधी कधी तर उलटंही होतं. ‘एकाच’ पाकटीत दोन ठिकाणी दोन निराळे कृमी मिळाले, म्हणून पाकट पुन्हा तपासली, तर त्या दोन जाती निघाल्या.

आता आमच्या बाटलीकडे या. ‘पाकट. मिरकरवाडा.’ त्या दिवशी बंदरावर तीन-चार प्रकारच्या पाकटी उतरल्या होत्या. आतडी घाईघाईत काढली, कारण मासा मेला की कृमीही काही तासांत विरघळू लागतो. लिलाव झाला, पाकटी गेल्या. फोटो नाही, मांसाचा तुकडा नाही, पंखांची रुंदी मोजलेली नाही. ‘नंतर लिहू’ म्हटलं आणि नंतर कधी आलंच नाही. कृमी सुंदर आहे, पण तो कोणाचा ते कळत नाही, आणि पोशिंद्याशिवाय कृमीचं वर्णन म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

आता आमची शिस्त अशी. पोटाला सुरी लावायच्या आधी पाकटीला नंबर. वरून एक फोटो, खालून एक. पंखांची रुंदी, नर की मादी. मांसाचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये. मग आतडं. आणि शक्यतो आठ-दहा दिवस समुद्रात राहून आलेल्या ट्रॉलरचा बर्फातला मासा नाही, तर सकाळी जाऊन दुपारी येणाऱ्या होडीचा किंवा रापणीचा. कोळी बांधव-भगिनींना आधी विचारायचं, ‘हिला तुम्ही काय म्हणता?’ कारण जी पाकट आमच्या डोळ्याला ‘तीच’ वाटते तिला त्यांच्याकडे कधी कधी दोन नावं असतात, आणि दोन नावं असली की आम्ही सावध होतो.

हे आत्ताच का?

कारण वेळ कमी आहे. २०२१ च्या जागतिक आढाव्यानुसार शार्क आणि पाकटींच्या एक-तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात आहेत, आणि मुख्य कारण मासेमारी. हाडांचे मासे लाखो अंडी घालतात. शेपटीला नांगी असलेल्या पाकटी पिल्लांना जन्म देतात, आणि तीही मोजकी; गायनाकी पाकटीला एका वेळी बहुधा एकच. जाळ्यात गेलेली भरून निघायला वर्षं लागतात. करवतीसारखं थोबाड असलेला करवत मासा हा पाकटींचाच भाऊबंद. तो आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि आता क्वचितच दिसतो.

एक कृमी, एक पोशिंदा, हा नियम आठवा. पाकटीची एक जात गेली, की तिच्या जिन्यावर राहणारे चार-पाच भाडेकरूही त्याच दिवशी गेले. त्यांची नावं कोणत्याही लाल यादीत नसतात. काहींना तर नावच मिळालेलं नसतं.

कोणी म्हणेल, कृमी गेले तर बरंच झालं. पण हे कृमी निरोगी पाकटीला सहसा फारसा त्रास देत नाहीत. उलट ते काही सांगतात. पाकटीत पट्टकृमी आहे म्हणजे तिच्या खाण्यातली साखळी, बारीक कवचधारी जीव, शिंपले, कोळंबी, सगळी त्या खाडीत शाबूत आहे. मधली एक कडी तुटली तर कृमी पाकटीपर्यंत पोचणारच नाही.

प्रश्नोत्तरांतून

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे देतो.

पहिला प्रश्न अपेक्षितच होता : मग पाकट खावी की नाही? कृमींच्या भीतीने सोडू नका. मोठे कृमी आतड्यात असतात आणि आतडं आपण टाकून देतो. हे पट्टकृमी पाकट-शार्कच्या आतड्याला इतके जखडलेले आहेत, की माणसाच्या आतड्यात ते वाढत नाहीत. मासा ताजा घ्या आणि नीट शिजवा, एवढं पुरे. मात्र कोणती पाकट खातो आहोत आणि ती किती उरली आहे, हा विचार जरूर करा.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा : त्या बाटलीचं तुम्ही काय करणार? आम्ही ती टाकणार नाही. कृमीचा डीएनए अल्कोहोलमध्ये टिकलेला असू शकतो. पुढे कधी त्याच किनाऱ्यावर, नीट नोंद केलेल्या पाकटीत तोच कृमी मिळाला, तर बाटलीवर चौथा शब्द लिहिता येईल. पण त्यासाठी ती पाकट तेव्हा समुद्रात असायला हवी.

 आणि आता निवांत जेवा.